तळेगावला संपणारी गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी गोष्ट आहे. हसू नका. छत्री, सायकल, फळा यांनी आपली कहाणी सांगितलेली तुम्हाला चालते, मग गोष्टीनं स्वतःची सांगितली तर काय बिघडलं? मला अंग आहे, घड्या आहेत, दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे आणि उजव्या कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. माझं नाव ‘भिमाजीचा कोंबडा’. माझी लांबी दापोडी ते तळेगाव.

हो, लांबीच म्हणाले मी. बाकीच्या गोष्टी पानांत मोजतात, मला स्टेशनांत मोजलंय. पुण्याहून लोणावळ्याला जाणारी सकाळची लोकल दापोडीला थांबते, तिथं मी सुरू होते. कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी असं करत करत पुढं सरकते आणि तळेगाव यायला लागलं की संपते. माझ्या कागदाला घड्या घालून आठ भाग केलेत, आणि प्रत्येक भागाच्या तळाशी बारीक अक्षरात एका स्टेशनाचं नाव आहे. वाचणारीनं मान वर न करता ओळखावं, आता कुठं आलो ते. गाडी वेळेवर असेल तर इकडे घडी उलटते आणि तिकडे स्टेशन येतं. माझ्या लेखिकेला या करामतीचा फार अभिमान आहे. मला तिच्याहून जास्त आहे.

माझी लेखिका खैरुन्निसा. राहायला दापोडीत, कामाला तळेगावच्या एका कंपनीत, पॅकिंगला. तिचे यजमान मन्सूरभाई यांचं दापोडी स्टेशनाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. खैरुन्निसा रोज बायकांच्या डब्यातून जायची. एकदा त्या डब्यात दोन बायका खिडकीच्या जागेवरून दापोडीला भांडायला लागल्या त्या देहूरोड आलं तरी भांडतच होत्या. खैरुन्निसाचं डोकं उठलं. तिच्या मनात आलं, ह्या दोघींच्या हातात काहीतरी दिलं पाहिजे. दुसरीनं चिवडा दिला असता. तिनं गोष्ट लिहायला घेतली.

ती मी. माझ्यात कुरुळीचा भिमाजी आहे आणि त्याचा कोंबडा आहे. हा कोंबडा रोज पहाटे आरवून सगळ्या कुरुळीला उठवायचा. पुढं गावाशेजारी कंपनी आली, कंपनीचा भोंगा आला. पहिल्याच पहाटे कोंबड्याच्या आधी भोंगा वाजला. कोंबड्याला त्याचा असा राग आला की त्यानं आरवणंच सोडलं. भिमाजीनं त्याला गूळ-शेंगदाणे चारले, त्याच्यापुढं हात जोडले, स्वतः आरवून दाखवलं, पण तो ढिम्म. शेवटी भिमाजीनं कोंबडा काखोटीला मारला आणि थेट कंपनीच्या गेटवर गेला. तिथं काय झालं ते माझ्या शेवटच्या घडीत आहे.

लिहून झाल्यावर खैरुन्निसानं मला गाडीत बसून ओठांतल्या ओठांत वाचून पाहिलं, अगदी रोज. तिची अडचण अशी की मी तळेगावला संपतच नव्हते. तळेगावला उतरायची वेळ यायची आणि माझा थोडा भाग उरायचा. मी पुरी व्हायला वडगाव लागायचं. उतरायचं असतं तळेगावला, मग वडगावपर्यंतची गोष्ट काय कामाची? तिनं पेन घेतलं आणि माझ्यातली एक आत्या कापून टाकली.

भिमाजीची आत्या. मोठ्या तोंडाची, नऊवारीतली, राजगुरूनगरहून तरातरा येऊन सगळ्यांना फैलावर घेणारी. अख्खी बाई गेली माझ्यातून. खैरुन्निसाला वाटलं, काही बिघडलं नाही, गोष्ट नीट वाचता येतेय. मला विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते. पण गोष्टीला विचारतो कोण? आत्या गेली आणि मी बरोबर तळेगावला संपायला लागले.

मग मन्सूरभाईंनी जाड पिवळा कागद आणला. साधा पांढरा गर्दीत टिकायचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या मशीनमधून मी बाहेर आले तेव्हा माझं अंग गरम होतं. माझ्यापाठोपाठ माझी भावंडं आली, सगळी सारख्या चेहऱ्याची. मन्सूरभाईंनी एकेकीला घड्या घातल्या, नखानं घासून पक्क्या केल्या आणि कंपनीच्या जुन्या युनिफॉर्मची शिवलेली एक निळी पिशवी होती, तिच्यात आम्हाला ठेवलं.

पहिले काही दिवस खैरुन्निसानं एक चूक केली. तिनं आम्हाला खुशाल घरी नेऊ दिलं. ‘उद्या आणते हं’ म्हणून माझ्या बहिणी गेल्या त्या गेल्या. एक मसाल्याच्या डब्याखाली अंथरली गेली. एकीत शेंगा बांधल्या. एक पाळण्यातल्या बाळाला वारा घालायला लागली, ती त्यातल्या त्यात बऱ्या ठिकाणी पडली. तेव्हापासून डब्यात नियम झाला. गोष्ट गाडीत घ्यायची, गाडीत वाचायची आणि उतरताना पिशवीत टाकायची. घरी न्यायची नाही, कुणीच नाही. आकुर्डीला उतरणाऱ्यांसाठी आकुर्डीएवढ्या गोष्टी झाल्या, पिंपरीवाल्यांसाठी पिंपरीएवढ्या. दापोडी सुटली की पिशवी फिरायची आणि बायका विचारायच्या, ‘आज कुठली देतेस?’

ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. भिमाजी स्वतः आरवून दाखवतो तिथं हमखास हसू यायचं. आकुर्डीच्या एका बँकेत कामाला असलेल्या सुमनताई फार शिस्तीच्या. पास सुद्धा प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवणाऱ्या. त्यांना आकुर्डीला उतरायचं असायचं, तरी त्या मलाच मागून घ्यायच्या. अर्धी आज, अर्धी उद्या असं करून त्यांनी मला कितीदा तरी वाचलं. एकदा त्यांच्या थर्मासमधला चहा माझ्यावर सांडला तर त्या इतक्या ओशाळल्या की मलाच त्यांची समजूत घालावीशी वाटली.

मग हाताहातांत मोबाइल आले. खिडकीशी बसून बायका बोटानं चित्रं वर सरकवायला लागल्या. पिशवी फिरायची, पण अर्ध्या बायका मान हलवून नको म्हणायच्या. त्यात खैरुन्निसानं नव्या गोष्टी लिहिल्या, एक तर भुताची. ती भुताची फार भाव खायची. मी पिशवीच्या तळाशी गेले. तिथं अंधार असतो आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लोणच्याचा वास येतो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण माझा शेवट चांगला आहे हे मला ठाऊक होतं. मी मनाशी म्हटलं, पडून राहीन, पण फाटणार नाही.

आणि एके दिवशी मला यशोदाबाईंनी बाहेर काढलं.

यशोदाबाई मूळच्या लातूरकडच्या, राहायला दापोडीच्या गल्लीत. तळेगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या-भाकरी करायच्या. वर्षानुवर्षं त्याच डब्यात, त्याच दाराजवळच्या बाकावर. पिशवी त्यांच्यापर्यंत आली की त्या म्हणायच्या, “चष्मा घरी राहिला बघ.” सगळ्यांना ते खरं वाटायचं. यशोदाबाईंच्या डोळ्यांवर चष्मा मात्र कुणी कधी पाहिला नव्हता.

त्या दिवशी त्यांनी चष्म्याचं नाव काढलं नाही. हात पुढं केला आणि खैरुन्निसाला म्हणाल्या, “दे एक. जाडजूड दे. माझ्या हातानं फाटली न्हाई पायजे.”

खैरुन्निसानं पिशवीच्या तळाशी हात घालून मला वर काढलं. दापोडीत पालिकेच्या शाळेत बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू झाला होता आणि यशोदाबाई तिथं गुपचूप जात होत्या, हे मग सगळ्यांना कळलं.

मला पुष्कळ हातांनी धरलंय. पण यशोदाबाईंनी मला जसं धरलं तसं कुणी धरलं नाही. आधी पदराला हात पुसले, मग मला मांडीवर सरळ केलं आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. ‘भि’. मग ‘मा’. मग ‘जी’. कासारवाडी आली तेव्हा त्या भिमाजीच्या नावापुढं जेमतेम गेल्या होत्या. पिंपरी आली, चिंचवड आली, त्या पहिल्याच घडीत. तळेगावला गाडी थांबली तेव्हा कुठं त्यांना कळलं होतं की भिमाजीकडं कोंबडा आहे. त्यांनी मला नीट घडी घातली, पिशवीत टाकलं आणि उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच मागितलं आणि पुन्हा पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

समोर करिष्मा बसली होती. आकुर्डीला एका कारखान्यात अप्रेंटिस आहे, तोंडाची फटकळ, पण मनानं वाईट नाही. ती म्हणाली, “मावशी, कालच्या पुढून वाचा ना. रोज पहिल्यापासून केलं तर कधी संपायची?”

“अर्धी भाकरी आज न अर्धी उद्या थापतेत का?” यशोदाबाई म्हणाल्या. “गोष्ट दापोडीला सुरू होती न तळेगावला संपती म्हणलाव ना तुमी? मग मी बी तशीच वाचणार.”

“पण सुरुवात तर तुम्हाला पाठ झाली असेल.”

“म्हणून तर पुढचं झाकून वाचायलेय.” आणि खरंच, त्यांनी डाव्या हातानं पुढच्या ओळी झाकल्या होत्या. बोट ज्या अक्षराखाली जाईल तेवढंच त्या म्हणायच्या. पाठ म्हटलेलं त्या वाचन मानत नव्हत्या.

असं रोज चाललं. हळूहळू त्या एक घडी ओलांडायला लागल्या, मग दोन. डब्यात गंमत सुरू झाली. तळेगाव आलं की करिष्माच्या मैत्रिणी खैरुन्निसाला फोन करून विचारायच्या, “मावशी आज कुठं पोचल्या?” आणि उत्तर जायचं, “गाडी तळेगावला, मावशी चिंचवडला.” यशोदाबाईंना त्याचा राग येत नसे. चिंचवडची आकुर्डी झाली त्या दिवशी त्यांनी डब्यात पेढे वाटले. फक्त आकुर्डीच्या घडीच्या शेवटी आल्या की दरवेळी त्यांच्या कपाळाला आठी पडायची आणि बोट जरा थांबायचं. मला वाटायचं, जोडाक्षर अवघड जात असेल.

एकदा पिंपरी सुटल्यावर करिष्मा कंटाळून म्हणाली, “जाऊ द्या मावशी, मी सांगते शेवट. भिमाजी गेटवर जातो ना, तर तिथं...”

यशोदाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. अगदी खरोखरचा, पिठाचा वास येणारा हात.

“कशाला सांगायलीस?” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हलला होता. “माझ्या लेकीचा धाव्वीचा निकाल शेजारणीनं वाचून सांगितला. ह्यांच्या औषधाची चिठ्ठी दुकानदारानं सांगितली. कोणती बस, कोणती गाडी, कोण मेलं न कोण जन्मलं, सगळं जन्मभर दुसऱ्यांनीच सांगितलं मला. लोकांनी सांगावं न मी हो म्हणावं. ह्या कोंबड्याचं काय झालं ते मला कुणी सांगायचं न्हाई. ते मी माझ्या डोळ्यानं वाचणार.”

करिष्माचे डोळे भरले. “चुकलं मावशी,” ती म्हणाली. त्या दिवसापासून डब्यात माझा शेवट कुणी उच्चारला नाही. नवीन बाई आली तरी तिला आधी बाजूला घेऊन बजावायचे.

मला काय वाटलं ते सांगू? मी लिहिले गेले तेव्हापासून लोकांना शेवट आवडावा एवढीच माझी इच्छा होती. पण कुणाला तो इतका हवासा असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी ठरवलं, ही बाई शेवटाला पोचेपर्यंत माझी एकही घडी सुटू द्यायची नाही.

आणि नेमकं त्याच वेळी माझी मधली घडी उसवली. खैरुन्निसानं चिकटपट्टी लावली, पण तिच्या मनात वेगळंच आलं. यशोदाबाईंची दगदग तिला बघवत नव्हती. तिनं घरी बसून माझी एक छोटी बहीण बनवली. मोठं अक्षर, पांढरा कागद, गूळ-शेंगदाणे नाहीत, हात जोडणं नाही, सगळं भराभर. यशोदाबाई सहज संपवतील एवढीच. चांगल्या मनानंच केलं तिनं. मला पिशवीत ठेवलं आणि ती नवी यशोदाबाईंच्या हातात दिली. “मावशी, जुनी फाटली. ही घ्या, तीच गोष्ट आहे.”

मी पिशवीत होते, पण कापडातून सगळं ऐकू येत होतं. बोट चालत होतं. कासारवाडी गेली. मग बोट थांबलं.

“खैरून,” यशोदाबाई म्हणाल्या, “गूळ कुठाय?”

खैरुन्निसा पिशवी आवरायला लागली.

“हितं भिमाजी कोंबड्याला गूळ-शेंगदाणे चारतो. ते कुठं गेलं? माझ्यासाठी आखूड केलीस व्हय?”

“मावशी, तुम्हाला त्रास होतो म्हणून...”

“तरास तर भाकरीचा बी होतो. म्हणून काय मी कंपनीतल्या पोरांना अर्धी भाकरी वाढती?” त्यांनी तो पांढरा कागद वाचायचा थांबवला, शेवटाकडं नजरसुद्धा टाकली नाही, आणि घडी घालून परत दिला. “मला ती मोठी दे. फाटकी आसू दे.”

खैरुन्निसाचा चेहरा उतरला. तिनं मला बाहेर काढलं. खरं सांगते, इतका आनंद मला मन्सूरभाईंच्या मशीनमधून बाहेर पडतानाही झाला नव्हता.

पण पुढं वेगळंच संकट आलं. कँटीनचं कंत्राट बदललं. यशोदाबाईंना चाकणच्या कंपनीत जायला सांगितलं. महिनाअखेरपर्यंत तळेगाव, मग चाकण. आणि चाकणला रेल्वे नाही. दापोडीहून कंपनीची बस नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत जाते. म्हणजे आमची गाडी सुटली आणि गाडीबरोबर मीही.

खैरुन्निसा म्हणाली, “मावशी, नियम गेला खड्ड्यात. ही तुम्ही घरी न्या. सावकाश वाचा.”

“न्हाई,” यशोदाबाई म्हणाल्या. “समद्यांना नियम न मला सूट? आन् घरी नेली तर वाचणार कधी? चुलीम्होरं? गाडीत बसले की मला कुणी काय मागत न्हाई. ही येवढीच जागा हाय माझी. वाचीन ती हितंच.”

त्या दिवसांत त्या जिद्दीला पेटल्या. संध्याकाळच्या वर्गात बसून जोडाक्षरं घोटायच्या, पोळ्या लाटताना अक्षरं पुटपुटायच्या. पण गाडी काही कुणासाठी हळू चालत नाही. एरवी सिग्नलला रखडणारी आमची लोकल त्या आठवड्यात बघावं तेव्हा वेळेवर. गाडी तळेगावला पोचायची तेव्हा यशोदाबाई बेगडेवाडीला. फार तर घोरावाडीच्या पहिल्या ओळीला.

आणि शेवटचा दिवस उजाडला.

दापोडीला डब्यात शिरताना त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. बसल्या, हात पुसले, मला सरळ केलं. बोट चाललं. मला त्यांच्या बोटाचं वजन ठाऊक झालं होतं; त्या दिवशी ते हलकं होतं. कासारवाडीला पहिली घडी संपत आली. पिंपरी, चिंचवड. त्या गाडीच्या एकाच स्टेशननं मागं होत्या. एवढ्या जवळ त्या कधीच नव्हत्या. करिष्मानं फोन पर्समध्ये टाकला. खिडकीजवळच्या बायकांनी माना वळवल्या. सगळ्यांची नजर त्या बोटावर.

आकुर्डी आलं. सुमनताई पर्स खांद्याला लावून उठल्या होत्या. उठल्या त्या उठल्याच, तिथंच दांडा धरून उभ्या राहिल्या. करिष्मा अर्धवट उठून परत बसली. गाडी थांबली आणि सुटली. आकुर्डीला उतरणारी एकही बाई उतरली नव्हती आणि हे एकीच्याही ध्यानात आलं नाही.

देहूरोड दिसायला लागलं तेव्हा करिष्मानं कपाळावर हात मारला. “सुमनताई, आकुर्डी गेलं.”

सुमनताईंनी बाहेर पाहिलं. कामाला एकही दिवस उशिरा न गेलेली बाई. त्यांनी पर्स खांद्यावरून काढली, मांडीवर ठेवून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “गेलं ते गेलं. गप्प बस.”

बेगडेवाडी. घोरावाडी. यशोदाबाई घोरावाडीच्या घडीत होत्या. भिमाजी गेटवर उभा होता आणि वॉचमन त्याला विचारत होता, काखेत काय आहे. मी जीव मुठीत धरला होता. माझी उसवलेली घडी, ती चिकटपट्टी, सगळं मी आवळून धरलं. तेवढ्यात गाडी मंदावली. यशोदाबाईंनी शेवटची घडी उलटली आणि तळेगावचा फलाट आला.

“तळेगाव आलं का?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

फलाटावरच्या भोंग्यातून तळेगावचं नाव स्वच्छ ऐकू येत होतं. खैरुन्निसाच्या मांडीवर पिशवी होती. तिला तिथंच उतरायचं होतं, यशोदाबाईंनाही. मग सुमनताई, आमच्या शिस्तीच्या सुमनताई, म्हणाल्या, “नाही अजून. तुम्ही वाचा.”

यशोदाबाईंनी फलाटावरचा आवाज ऐकला नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांचं बोट पुढं सरकलं. गाडी हलली. तळेगाव मागं पडलं.

मग ओळीमागून ओळ. मॅनेजर बाहेर आला. मॅनेजर बोलला. कोंबड्यानं मान वर केली. एक शब्द दोनदा अडला, तो त्यांनी तिसऱ्यांदा सोडवला. आणि शेवटच्या ओळीच्या शेवटच्या अक्षराखाली बोट येऊन थांबलं.

यशोदाबाईंनी बोट उचललं, पदर तोंडाला लावला आणि हसायला लागल्या. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी. “अगं बाई,” त्या म्हणाल्या, “असं केलं व्हय त्यानं.” आणि मग सगळा डबा हसला. करिष्मा हसता हसता रडत होती. माझ्यावर थेंब पडले, ते कुणाचे होते कुणास ठाऊक.

हसू ओसरल्यावर यशोदाबाईंनी मला मागं उलटवलं, आकुर्डीच्या घडीपाशी आणलं. कपाळाला तीच आठी.

“पर खैरून, हितं एक सांग. ह्या घडीला भिमाजी डोकं धरून रडत बसलाय. न फुडच्या घडीला लगेच कोंबडा घिऊन निघाला. मधी ह्याला उठवलं कुणी? माणूस आसा आपला आपण उठत न्हाई.”

खैरुन्निसा म्हणाली, “आत्यानं. त्याची एक आत्या होती मावशी. राजगुरूनगरहून येते आणि त्याला चांगली झापते. पण ती असली की गोष्ट तळेगावला संपत नव्हती, वडगाव लागायचं. म्हणून काढली मी तिला.”

“मग घाल की माघारी,” यशोदाबाई म्हणाल्या. “आपण वडगावलाच आलाव.”

गाडी वडगावच्या फलाटाला लागत होती. सगळ्या बाहेर बघायला लागल्या आणि एकदम गलका झाला. कुणाचाच पास वडगावपर्यंतचा नव्हता. सुमनताईंना बँकेत फोन करायचा होता, करिष्माची अर्ध्या दिवसाची रजा लागणार होती. पण उतरायच्या आधी यशोदाबाईंनी करिष्माकडं पेन मागितलं. मला खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, आणि माझ्या तळाशी जिथं ‘तळेगाव’ छापलंय, त्याच्या खाली सावकाश लिहिलं: वडगाव. अक्षर वाकडं आहे, ‘ड’ जरा पडलाय. त्यांनी वर्गाबाहेर लिहिलेला तो पहिला शब्द.

मित्रांनो, आता यशोदाबाई चाकणच्या बसनं जातात. वाटेत कुरुळी लागते. त्यांनी खैरुन्निसाला सांगितलंय की कुरुळी आली की त्या खिडकीतून बघतात. कोंबडा दिसत नाही, पण गेट अगदी गोष्टीतल्यासारखं आहे. खैरुन्निसानं आत्याला परत बोलावलं आणि मन्सूरभाईंनी माझ्या नव्या बहिणी छापल्या. त्यांना नऊ घड्या आहेत आणि नववीच्या तळाशी ‘वडगाव’ छापलंय, सरळ अक्षरात. मला कुणी फेकलं नाही. माझं अंग आता फार पातळ झालंय, तरी मी त्याच निळ्या पिशवीत असते, आणि ज्या कुणाचा चष्मा घरी राहिलेला असतो तिच्या हातात खैरुन्निसा आधी मला देते.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. कागद आहोत आम्ही, आम्हाला ओल्या हातानं धरू नका, आमच्यात शेंगा बांधू नका. आणि कुणी बोट ठेवून हळूहळू वाचत असेल तर त्याच्या हातातून गोष्ट ओढून घेऊ नका, भराभर वाचून दाखवू नका, शेवट सांगू नका. तुमचं स्टेशन गेलं तरी चालेल, बसून राहा. तुम्हाला विचारावंसं वाटत असेल की गेटवर कोंबड्यानं केलं तरी काय. ते मी सांगायची नाही. यशोदाबाईंना कुणी सांगितलं नाही, मग तुम्हाला कशाला सांगू? एखाद्या सकाळी आईबरोबर दापोडीला गाडीत बसा आणि निळी पिशवी आली की मला मागून घ्या. तिकीट मात्र वडगावचं काढा.